विद्यापीठाची वाट आणि कपड्यांची पेटी

जालना जिल्ह्यांतून विद्येसाठीं घर सोडणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. बोहल्यावरून निघून त्यांनीं नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षें तपश्चर्या केली, असें परंपरा सांगते. त्यांना कपड्यांची पेटी लागली नाहीं. परंतु समर्थांचा दाखला देऊन आपल्या मुलास अंगावरच्या कपड्यांनिशीं रवाना करणारा पालक आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं, आणि भेटूंहि नये. पेटींत काय भरावें हा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्यानें सोडवावा लागतो. आणि ज्या घरांत दहा माणसांच्या खर्चास एकच थैली असते, तेथें तो फीइतकाच खरा असतो.

आमच्या वडिलांच्या पिढींत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू, आणि शेरवानी हा तेथल्या विद्यार्थ्याचा ओळखीचा वेष. मराठी घरांतून निघालेल्या मुलास भाषेबरोबर पोशाखहि नवा घ्यावा लागे. १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून ज्या विद्यार्थ्यांस तेथून बाहेर पडावें लागलें, त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आसरा दिला. पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं तेथेंच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९९४ पासून त्या विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव आहे, आणि शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर. जालन्याहून हें अंतर साठेक किलोमीटर. हैदराबादची दूरची वाट अशी जवळ आली, पण पेटी भरणें कांहीं सुटलें नाहीं.

यंदा आमच्या पुतण्याच्या कन्येस तेथें रसायनशास्त्राच्या एम्. एस्सी. वर्गांत प्रवेश मिळाला. आमचें बिऱ्हाड अंबडास. मत्स्योदरी देवीची टेकडी अंगणांतून दिसते. वसतिगृह, फी व पुस्तकें यांची तजवीज झाल्यावर कपड्यांसाठीं सहा हजार रुपये बाजूस काढतां आले. थोरल्या वहिनींचें म्हणणें असें पडलें कीं, मुलगी पहिल्यांदाच परगांवीं राहणार, तेव्हां दोन भारी पोशाख घ्यावे, “चारचौघींत उठून दिसली पाहिजे.” त्यावर मुलगी म्हणाली, “आजी, मला उठून दिसायचं नाही, बसून शिकायचं आहे. पण चारचौघींत कमीही दिसायचं नाही.” यांतलें दुसरें वाक्य आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटलें.

२२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरेस गांधीजींनीं अंगांतले कपडे उतरवून आंखूड पंचा स्वीकारला. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांस सांगितलें कीं, जिच्यावरून अस्पृश्यता ओळखूं येते ती लुगडें नेसण्याची पद्धति टाकून द्या आणि स्वच्छ राहा. वरवर पाहतां दोघांचें वागणें परस्परविरुद्ध दिसतें. परंतु एकानें साधेपणा आपण होऊन घेतला, आणि दुसऱ्यानें दुसऱ्यांनीं लादलेला हीनपणा झुगारून दिला. विद्यार्थ्याच्या कपड्यांसहि हीच कसोटी लावावी. काटकसर त्याची स्वतःची असली तर तो ती आनंदानें निभावतो. घरानें कपाळीं मारली तर तीच वर्गांत बोचत राहते. म्हणून यादी मुलीनें करावी, पैसे तिच्या हातीं द्यावे, आणि आम्हीं पिशवी धरावी, असें ठरलें.

अंबडाहून जालन्यास जातांना रस्त्याच्या दोन्ही अंगांस काळी जमीन लागते. कोठें कपाशी, कोठें मोसंबीची बाग. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी. च्या गाडींत स्त्रियांस अर्धें भाडें झाल्यामुळें मुलीच्या पुढल्या खेपांची काळजी निम्मी झाली होती. खिडकीबाहेर पाहतांना मनांत आलें कीं, या जिल्ह्याचें कापसाशीं नातें किती निकटचें! बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्यें देशांत बी. टी. कापसास परवानगी मिळाली, तीहि याच कंपनीच्या वाणांस. २०१८ सालीं येथल्या बाजार समितींत रेशीम कोषांची बाजारपेठ उघडली. म्हणजे कपाशीचें बीं येथलें, बोंड येथलें, रेशमाचा कोषहि येथला; आणि कापड मात्र मालेगांव, इचलकरंजी, भिवंडी नाहींतर सुरतेचें. माहेरवाशीण लेक दुसऱ्याच्या घरचें लेणें लेऊन परत यावी, तसा आमचा कापूस आम्हांकडे परततो.

‘जालना, सोने का पालना’ अशी एक जुनी म्हण आहे. कुंडलिका नदीच्या एका अंगास जुना जालना व दुसऱ्या अंगास नवा. पुलावरून जातांना खालीं पाहिलें कीं सोन्याहून पाण्याची आठवण अगोदर होते. निजामी अमदानींत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावावर हें शहर कित्येक वर्षें जगलें. २०१२-१३ च्या दुष्काळांत येथल्या लोकांनीं टँकरच्या वाटा पाहिल्या. छत्रपति संभाजीनगरींहि गेलीं कित्येक वर्षें नळास रोज पाणी आलेलें नाहीं. तेव्हां आमच्या भागांत कापड पारखतांना रंग व किंमत यांच्या अगोदर एक प्रश्न विचारावा: हें धुण्यास किती बादल्या लागतील, आणि रात्रीं वाळत घातलें तर सकाळीं अंगांत घालतां येईल काय?

खळ दिलेली पांढरी शुभ्र खादी दिसण्यास देखणी. पण तिला पाणी, खळ व इस्त्री या तिन्ही गोष्टी हव्या, आणि वसतिगृहांत तिन्हींची वाण. याच्या उलट निव्वळ पॉलिएस्टर लवकर वाळतें, चुरगळत नाहीं. पण जालन्याच्या उन्हांत तें अंगावर कढतें. याचें कारण साधें आहे. कापूस हवेंतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काहि धरीत नाहीं. म्हणून एक घाम टिपतो आणि दुसरें टिपीत नाहीं. यांतून मधला मार्ग निघतो: अंगास लागणारा कुडता सुती, मध्यम वजनाचा, गडद किंवा बारीक छापाचा, म्हणजे डाग लपतो, आणि खालची सलवार टेरिकॉटची, म्हणजे मिश्र सुताची, चिखल उडाला तरी सहज धुऊन निघणारी. तिन्ही कुडत्यांशीं दोन्ही सलवारी जुळतील असे रंग घेतले कीं पांच कपड्यांचे सहा जोड होतात.

कापड खरोखर सुती आहे कीं नाहीं हें पाहण्यास दुकानदाराच्या शपथेची गरज नाहीं. कडेचा एक धागा काढून पेटवावा. सूत कागदासारखें जळतें व त्याची राख चिमटींत विरते. पॉलिएस्टर वितळतें व टोकाशीं टणक मणी राहतो. मुलीनें हा प्रयोग दुकानाच्या पायरीवर करून दाखविला व म्हणाली, “आबा, प्रयोगशाळेत बर्नर असतो. असा मणी कातडीला चिकटला तर?” म्हणून तिनें प्रयोगशाळेचा अ‍ॅप्रन निखळ सुती घेतला, आणि लांब ओढणीचे पोशाख यादींतून स्वतःच्या हातानें खोडले. वहिनींस जें आम्ही तासभर बोलून पटवूं शकलों नसतों, तें त्या एका मण्यानें पटविलें.

शिंप्याचें दुकान गल्लींत आंत होतें. आमच्या भागांत शाळेंत शिकवणारा मास्तर आणि कपडे शिवणाराहि मास्टरच. त्यामुळें दोघांनीं एकमेकांस आदरानेंच वागविलें. कापड पाहतांच ते म्हणाले, “गुरुजी, पहले धो के लाओ. सूती है, सिकुडेगा.” नवें सुती कापड पहिल्या पाण्यांत आटतें, तें भिजवून, वाळवून मग बेतावें, हें जुन्या बायकांस ठाऊक असलेलें शहाणपण घाईच्या दिवसांत मागें पडतें. आम्ही कापड घरीं नेऊन भिजविलें व चार दिवसांनीं परत दिलें. मुलीनें दोन गोष्टी सांगून शिवून घेतल्या: प्रत्येक कुडत्यास उजव्या अंगास खोल खिसा, आणि बाजूच्या शिवणींत बोटभर जादा कापड. खिशांत किल्ली, पास व फोन राहतो. शिवणींतल्या कापडामुळें अंग भरलें तरी कुडता टाकावा लागत नाहीं. तयार कपड्यांत बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात.

आमच्या गृह्यसूत्रांत ब्रह्मचाऱ्यास मेखला, अजिन व दंड सांगितला आहे. छत्री व पादत्राणें त्यास मिळतात तीं समावर्तनाच्या वेळीं, म्हणजे विद्या संपवून घरीं परततांना! सूत्रकारांनीं आषाढांतली काळी माती पाहिली असती तर हा क्रम त्यांनीं खास बदलला असता. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सुमारें सातशे मिलिमीटर, पण त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आणि विद्यापीठाचें वर्ष सुरू होतें तें नेमकें तेव्हांच. म्हणून छत्री घरची दिली तरी पावसाळी कोट नवा घेतला, कारण पुस्तकांची पिशवी छत्रीखालीं भिजते. पादत्राणांत प्रयोगशाळेसाठीं पुढून बंद असे बूट घेतले. पावसांतली चप्पल घरांत होतीच.

हिवाळ्यासाठीं आईचा लोकरी स्वेटर दिला. पांघरुणास वहिनींनीं आपल्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवली. भारी पोशाख देतां आला नाहीं याची रुखरुख त्यांनीं टांक्याटांक्यांत जिरविली असावी. कारण तशी दाट टांक्याची गोधडी त्यांच्या हातून आम्हीं पूर्वीं पाहिली नव्हती.

वाचकांस उपयोग व्हावा म्हणून हिशेब देतों. कुडत्यांचें साडेसात मीटर कापड १२० रुपयांप्रमाणें ९००, तीन कुडत्यांची शिलाई ७५०, सलवारींचें साडेचार मीटर कापड ११० प्रमाणें ४९५, शिलाई ३००, तयार जीनची विजार ७५०, पावसाळी कोट ४५०, बूट ६५०, अ‍ॅप्रन ३००, आंतले कपडे, मोजे व पंचे ७००, वाळत घालण्याची दोरी व चिमटे ५५. एकूण ५,३५० रुपये, शिल्लक ६५०. भाव गांवोगांव निराळे असतील, पण हिशेबाची रीति एकच. समजा, एक कुडता तीनशेंचा व तीस वेळां घातल्यावर विटणारा, आणि दुसरा सहाशेंचा व सव्वाशें वेळां टिकणारा. पहिला दर खेपेस दहा रुपयांस पडला, दुसरा पांचांच्या आंत. गरिबास स्वस्त वस्तु महाग पडते ती अशी. म्हणून थोडे घ्यावे, टिकाऊ घ्यावे, आणि सुईदोरा व दोन जादा गुंड्या पेटींत विसरूं नयेत.

श्रावणांत आम्ही तिला भेटावयास गेलों. विद्यापीठाचा परिसर डोंगराच्या उतारावर आहे. जवळच औरंगाबादचीं बौद्ध लेणीं आणि खालीं बिबी-का-मकबरा. एका विभागाकडून दुसऱ्याकडे जातांना चढउतार पुष्कळ, आणि मध्यें पावसाची सर आली तर आडोसा थोडा. मुलगी पाठीवर पिशवी व अंगांत आपला निळ्या छापाचा कुडता अशी समोरून चालत आली. बरोबर मंठ्याकडची व जाफराबादकडची अशा दोन मुली होत्या. कपड्यांवरून तिघींत कोण कोणत्या घरची हें आम्हांस सांगतां आलें नसतें.

त्यांतली एक जरा संकोचून म्हणाली, “आबा, तो खिसेवाला शिंपी जालन्यात कुठं बसतो?” आम्हीं गल्लीची खूण सांगितली आणि कापड भिजवून न्यावें हेंहि सांगितलें. शिल्लक राहिलेल्या साडेसहाशेंचें काय केलें, असें आमच्या मुलीस विचारलें, तेव्हां तिनें पिशवींतून रसायनशास्त्राचें एक जुनें, दुसऱ्या हातचें जाड पुस्तक काढून दाखविलें. त्याची बांधणी ढिली झाली होती; तिनें ती वहिनींच्या जाड दोऱ्यानें शिवून घेतली होती.