एस्पोझितो : एका आडनावाची जन्मकथा

नेपल्सच्या मुख्य रेल्वे स्थानकापासून जुन्या शहराकडे थोडे चालत गेले, की फोर्चेल्ला नावाची दाट वस्ती लागते. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या सज्ज्यांत वाळत घातलेले कपडे एकमेकांना शिवतील. प्रत्येक दरवाजापाशी घंटीच्या बटणांची एक पाटी असते आणि बटणापुढे बिऱ्हाडकरूचे आडनाव. पाट्या वाचीत हिंडण्याची आमची खोड जुनीच. येथे एक आडनाव आम्हांस वारंवार भेटू लागले : एस्पोझितो. एवढे विस्तारलेले हे कुळ कोणते असावे, असे कोणालाही वाटेल. पण या नावाच्या मुळाशी कुळ नाही. कुळाचा अभाव आहे.

लॅटिनमधील 'एक्स्पोझितुस' या शब्दाचे हे इटालियन रूप. अर्थ, बाहेर ठेवलेला, उघड्यावर सोडलेला. जन्मदात्यांनी ज्यांना सोडून दिले, त्या अर्भकांना हे आडनाव मिळे आणि नेपल्समध्ये ते देणारी मोठी संस्था याच वस्तीत होती. तिचे नाव आनुन्त्सियाता. चौदाव्या शतकातील या धर्मसंस्थेत चर्च, रुग्णालय आणि अनाथाश्रम एकत्र नांदत होते. १७५७ च्या आगीनंतर व्हान्व्हितेल्ली पितापुत्रांनी चर्च नव्याने उभारले. ते भव्य आहे, पाहण्याजोगे आहे. पण आमचे पाय वळले ते शेजारच्या भिंतीकडे.

त्या भिंतीत एक लहानसे भोक होते. त्यामागे लाकडाचे उभे, पोकळ, फिरते पिंप बसवलेले असे. त्याला लोक 'रुओता' म्हणजे चाक म्हणत. रात्रीच्या अंधारात कोणी स्त्री येई, मूल त्यात ठेवी आणि चाक फिरवी. मूल भिंतीच्या आत जाई. आत जागत बसलेली दाई त्याला उचलून घेई. देणारीचे तोंड घेणारीला दिसत नसे, आणि तशीच योजना होती. कारण तोंड दिसले असते, तर कित्येक मुले भिंतीपर्यंत पोहोचलीच नसती. भोक मुद्दाम लहान ठेवलेले, नवजात बालकापुरतेच. तरीही गरिबीने गांजलेले लोक मोठ्या मुलांना तेल चोपडून आत ढकलीत, असे येथे सांगतात.

चाकामागची खोली आजही पाहावयास मिळते. तेथे आलेले मूल ज्यात धूत, ते दगडी पात्रही आहे. आम्ही त्यापाशी बराच वेळ उभे राहिलो. बोलावेसे कोणालाच वाटले नाही.

मूल आले की त्याची वहीत नोंद होई : दिवस, वेळ, अंगावरचे कपडे आणि सोबतची एखादी खूण. कोणी आई दुभंगलेल्या नाण्याचा अर्धा तुकडा बाळापाशी ठेवी आणि उरलेला अर्धा स्वतःजवळ जपे; कधी दिवस पालटले, तर तुकडे जुळवून मूल ओळखता यावे म्हणून. बहुतेक तुकड्यांना जोडीदार मिळाला नाही. कित्येक बालके तर आश्रमात आल्यावर थोड्याच दिवसांत दगावत. जी जगत, त्यांतील मुलींच्या लग्नासाठी संस्था हुंडाही देई. त्यांना 'मादोन्नाची मुले' म्हणत. या नावात दया होती, तसा शिक्काही होता.

आपल्याकडे आडनाव सांगितले की गाव कळते. इंदूर-बडोद्यात चार पिढ्या काढलेला कऱ्हाडकरही, कऱ्हाड कधी न पाहता, तेथलाच राहतो. एस्पोझितोला मात्र गाव नाही, आजोबा नाही. असलीच तर एक भिंत आहे.

नेपोलियनचा मेहुणा योआकिम मुरा १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सचा राजा होता. त्याच्या राजवटीत हे आडनाव देण्याची चाल बंद झाली व प्रत्येक मुलाला वेगवेगळे आडनाव मिळू लागले. चाकही १८७५ मध्ये थांबले. पण दिलेली नावे परत थोडीच घेता येतात! त्यांचा वंश वाढतच गेला. मार्गेरिता राणीच्या नावाचा पिझ्झा १८८९ मध्ये ज्याने प्रथम केला, असे परंपरा मानते, तो राफाएले एस्पोझितोच. आजचे नामांकित तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो हेही याच नावाचे.

इतर शहरांनी हेच काम वेगळ्या शब्दांनी केले. फ्लॉरेन्समध्ये १४४५ मध्ये उघडलेल्या आश्रमातून 'इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पाप, हे आडनाव निघाले. रोममध्ये 'प्रोयेत्ती', म्हणजे टाकलेले. मिलानच्या रुग्णालयाचे चिन्ह कबूतर, म्हणून तेथील मुले 'कोलोम्बो' झाली. आम्हांस यांत मिलानचे नाव सर्वांत सुजाण वाटते. पोरक्या मुलाच्या माथी त्याची हकीकत मारण्यापेक्षा एक पाखरू दिलेले बरे.

आडनाव हास्यास्पद असेल, लाजिरवाणे असेल किंवा त्यातून अनौरस जन्म उघड होत असेल, तर ते बदलून मागण्याची सोय आजच्या इटालियन कायद्यात आहे. वाटेल त्या एस्पोझितोने अर्ज करावा. तरीही नेपल्समध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच आहे, आणि फोर्चेल्लातील दारांवर ते मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलेले असते.