टाळ्या आणि वाट


भाषण कसं करावं यावर लिही, असं आपल्या पोरांनी सांगितलं. मी कुठला मोठा वक्ता? भाषणकलेची पुस्तकं बाजारात ढिगानं आहेत. छाती काढा, हात असे करा, आरशापुढं उभं राहा. आमच्या घरात आरसा होता पंजाएवढा. त्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा. तेव्हा आरशाचं सोडून देतो. माझी फजिती सांगतो.

रोह्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची वाडी. वाडीपासून मसणवट तीनशे पावलं. पण मधे भातखाचरं. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता चिखल. त्या साली आषाढात आजी गेली. चौघांनी तिरडी उचलली. बांधावरून जाताना पुढच्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि आजी कलंडली. गाळात. आम्ही तिला उचललं, पुसलं, परत बांधलं. कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा होती. मी ठरवलं, बोलायचं. तेव्हा मी कॉलेजात. दर १४ एप्रिलला रोह्यात ऐकलेले वक्ते डोक्यात घुमत होते. रात्र जागून भाषण पाठ केलं. उभा राहिलो तर पाय लटलटत होते, पण आवाज चढवला. मनूला झोडलं. हजारो वर्षांचा अंधार आणला. सूर्य तर चार-पाच वेळा उगवला. घाम आला, घसा बसला. टाळ्या पडल्या. गावकीच्या माणसांनीसुद्धा वाजवल्या. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. सरपंच उठला, पाठीवर थाप मारली. म्हणाला, ''पोरगा छान बोलतो. पुढं जाईल.'' आणि पुढचा विषय घेतला, दिवाबत्तीचा. प्रोसिडिंगच्या वहीत माझ्या भाषणाची एक ओळ नाही.

घरी आय चुलीपुढं बसली होती. म्हणाली, ''बोल्लास बरा. पन वाटंचा काय झाला?''

मी गप्प. माझ्या भाषणात वाट नव्हतीच! आजीही नव्हती. का नव्हती? खरं सांगतो. आजी चिखलात पडली हे त्या लोकांपुढं सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी मनूच्या मागं लपलो. मनूला शिव्या घालणं सोपं. मनू ग्रामसभेला येत नाही. सरपंच येतो.

तेव्हापासून मी महाडचा इतिहास नव्यानं वाचायला लागलो. महाड आमच्यापासून लांब नाही. कोलाडला हायवे धरला की माणगाव, पुढं महाड. आपण चवदार तळ्यावर घोषणा देतो. पण नीट बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद दोन, पाण्याचा थेंब नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदाला पाय फुटले. म्हणजे बोलणं, लिहिणं आणि चालणं, तिन्ही लागतं. मी नुसता बोललो होतो.

त्याच दिवशी गावात अफवा उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. एवढ्या एका खोट्या वाक्यावर आपल्या माणसांची डोकी फुटली. आपली माणसंही चिडली होती, पण बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. पुढं डिसेंबरात तर आणखी अवघड. कोर्टाचा मनाई हुकूम आला. हजारो माणसं तुरुंगात जायला तयार होऊन आलेली, आणि त्यांना सांगायचं की सत्याग्रह तहकूब करा. पेटलेल्या सभेला आणखी पेटवणं कुणालाही जमतं. तिला न आवडणारी गोष्ट पटवून देणं, हे खरं वक्तृत्व. खटला चालू राहिला आणि १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टात आपण जिंकलो. दहा वर्षं! आपल्याला दहा मिनिटांत टाळ्या पाहिजेत.

मग मी तयारी केली. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघरातनं सुटलेलं पाणी असतं, ती आवाज करत वाहते. एका काठाला मी, दुसऱ्या काठाला दोस्त. त्याला शब्द न् शब्द कळला पाहिजे. ओरडलो की काही कळायचं नाही. सावकाश, पोटातनं बोललो की कळायचं. वाक्य लांबलं की अर्धं पाण्यात जायचं. आखूड वाक्य पलीकडं पोचायचं. माझी शाळा ती.

२६ जानेवारीला परत उभा राहिलो. हातात पोस्टकार्ड, त्यावर पाच वाक्यं. आषाढात माझी आजी तिरडीवरून चिखलात पडली. त्याआधीच्या पावसाळ्यात आणखी दोघांची तीच गत झाली. वाट तीनशे पावलं आहे, मी मोजली आहे. ती बांधून द्यायचा ठराव करा. तो आत्ता वहीत लिहा आणि लिहिलेलं वाचून दाखवा.

पहिल्या वाक्याला आवाज फाटला. फाटू दिला. शेवटचं वाक्य झालं आणि मी बसलो नाही. उभाच राहिलो, गप्प. हे सगळ्यात कठीण, मित्रांनो. जीभ वळवळते, एखादी घोषणा टाकावी वाटते. टाकायची नाही. ग्रामसेवकानं सरपंचाकडं बघितलं, सरपंचानं छताकडं. शेवटी लिहिलं. वाचलं. एक टाळी नाही.

वाट झाली का? दोन पावसाळ्यांनी मुरूम पडला, दीडशे पावलांपर्यंत. पुढं गाळच.

परवा आय म्हणाली, ''या टायमाला मी बोलतंय.'' तिला मी काही शिकवलेलं नाही. एवढंच सांगितलं, लिहिलेलं वाचून घे, तोवर खाली बसू नको.

जय भीम.