अधिष्ठानाचा तास

विपश्यनेच्या शिबिरात चौथ्या दिवशी दुपारी प्रत्यक्ष विपश्यना शिकवली जाते आणि तिथून पुढे दिवसातले तीन तास वेगळे होतात. सकाळी ८ ते ९, दुपारी २.३० ते ३.३०, संध्याकाळी ६ ते ७. ह्या अधिष्ठानाच्या बैठका. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही. बाकी काही नाही. तोवर नुसता श्वास पाहण्यात दिवस गेलेले असतात, आर्य मौन अंगवळणी पडलेलं असतं, पहाटे चारच्या घंटेची सवय झालेली असते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून असंख्य माणसं ह्या तासातून गेली. निश्चय म्हणजे काय, हे एका आसनाएवढ्या जागेत इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं बरी जातात. मग उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कुठेतरी आच लागते. ती पोटरीत उतरते, घोट्यापाशी थबकते, पाय आपला वाटेनासा होतो. शेजारची बाई खोकते. मन आधी आर्जवं करतं, मग युक्तिवाद, मग चक्क धमक्या. नस दबली तर? कायमचं अधू व्हायचंय का? बसल्या जागी ते सगळं अगदी पटतं. तास संपायला पाचेक मिनिटं उरली की ही साधना शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका ह्यांचा ध्वनिमुद्रित आवाज संथपणे गाऊ लागतो. सगळं सभागृह त्या पहिल्या सुराकडे कान लावून असतं.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो दात आवळण्याचा. आपल्या कथांनी तो लहानपणापासून शिकवलेला आहे. एका पायावर तप, भोवती पंचाग्नी, नुसत्या वाऱ्यावर जगणं. पण त्याच कथांमध्ये हिरण्यकशिपूही तसाच उभा राहतो, अंगावर वारूळ चढेपर्यंत. रावण स्वतःची मस्तकं कापून अग्नीत वाहतो. निर्धारात हे दोघे कोणाही ऋषीहून उणे नव्हते, ब्रह्मदेवाला वर द्यावाच लागला. पुराणकारांनी हे झाकून ठेवलं नाही, ह्याचं मला फार मोल वाटतं. इच्छाशक्ती असुरापाशीही असते. ती कुठे न्यायची, हे तिला एकटीला कळत नाही.

सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षं देह झिजवला. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताशी यावा, इतका. मग त्याने ते सोडलं आणि अन्न घेऊ लागला. बरोबरचे पाच तपस्वी त्याला भ्रष्ट समजून निघून गेले. सुजातेने खीर दिली, ती त्याने खाल्ली, आणि त्यानंतर उरुवेलेला पिंपळाखाली बसून ठरवलं, की कातडी, स्नायू आणि हाडंच उरली, रक्तमांस आटून गेलं, तरी बोधीवाचून इथून उठायचं नाही. परंपरेतली ही कथा मी कितीतरी वेळा मनात घोळवली आहे. एवढा मोठा निर्धार त्याने उपाशीपोटी केला नाही. देहाशी भांडण मिटल्यावर केला.

थेरवादी परंपरेत दहा पारमिता सांगितल्या आहेत. त्यांत अधिष्ठान आठवी, तिच्या पाठोपाठ मैत्री, शेवटी उपेक्षा, म्हणजे समभाव. आसनावर हा क्रम मला खरा वाटतो. गुडघ्याशी वैर धरून बसलं की दहा मिनिटांत हार होते. जबडा सैल सोडला, खांदे उतरवले आणि दुखण्याकडे नुसतं पाहिलं, तर कधी कधी त्या एकसंध वेदनेचे पदर सुटतात. आच वेगळी, ताण वेगळा, ठणका वेगळा, आणि ठणक्यालाही मधे मधे फटी. दर वेळी असं होत नाही. झालंच पाहिजे असा हट्ट धरला की मुळीच होत नाही. अगदी असह्य झालं तर पाय बदला, पुढच्या बैठकीत त्याहून कमी वेळा बदलून पाहा, एवढंच शिबिरात सांगतात. गीतेत अर्जुन म्हणतो की मन आवरणं वारा आवरण्याइतकं अवघड आहे, तेव्हा कृष्णही आधी ते मान्य करतो आणि मगच उपाय सांगतो, अभ्यास आणि वैराग्य, दोन्ही जोडीने.

ह्या साधनेकडे गोयंका स्वतः दुखण्यापायीच वळले. मंडालेत जन्मलेले ते मोठे उद्योजक होते. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ साली विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले. ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेल्या त्या गृहस्थांनी त्यांना आधी नाहीच म्हटलं. डोकेदुखी घालवायला ही साधना नाही, मन निर्मळ करायचं असेल तर या. हे ऐकून परत जाणं किती सोपं होतं!

१९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एका शिबिराला बसले. ज्यांचं उठणं-बसणं, जेवण, झोप, सगळं शिपायाच्या शिट्टीवर चाललेलं, त्यांना इथे मांडी मोडायला कुणी अडवत नव्हतं. त्या तासाभरात न हलणं ही त्यांची स्वतःची गोष्ट होती, कदाचित त्या भिंतींच्या आत आल्यापासूनची पहिली. एवढ्या माणसांनी ती आपणहून केली, हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

शिबिरातून निघताना सांगतात, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, रोज. इथे फार जणांची साधना सुटते. घरी घंटा वाजवणारं कुणी नसतं, दोनशे माणसांचं मौन पाठीशी नसतं, कुकरच्या शिट्ट्या असतात. आमच्या आत्याबाई माळकरी. एकादशी, हरिपाठ आणि आषाढीची वारी, ह्यांतलं काही त्यांनी वयाच्या पंचाहत्तरीतही सोडलेलं नाही, आणि आपण काही निग्रह करतो आहोत असं त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही. आपला नेम आहे, एवढंच म्हणतात. त्यांना विपश्यना ठाऊक नाही. पण संध्याकाळी सहाला मी अजून स्वयंपाकघरात दिसले की विचारतात, "का गं, आज बसायचं नाही?"