दिवसाला एक मिलिमीटर

दिवसाला एक मिलिमीटर. ओळखा पाहू, हा स्पीड कुणाचा? संध्याकाळी सात वाजता वाकोला ब्रिजखाली अडकलेल्या रिक्षाचा, असं तुम्ही म्हणणार. जवळपास बरोबर! पण हा स्पीड आहे आपल्या हातापायांतल्या कापलेल्या नसेचा. ती पुन्हा वाढते, पण अशी. आठवड्याला सात मिलिमीटर. दहा मिनिटांत दूध घरपोच मागवणाऱ्या आपल्या पिढीला हे पचायला जरा जडच. आमच्या घरातला एक हात सध्या याच स्पीडने चाललाय, म्हणून मला हा हिशेब तोंडपाठ आहे.

हात माझ्या मावसभावाचा. दादा वाकोल्यात राहतो आणि बीकेसीत नाइट शिफ्ट करतो. सात महिन्यांपूर्वी शोकेसची काच फुटली आणि त्याच्या उजव्या मनगटात, करंगळीच्या बाजूला, खोल घुसली. रक्त थांबलं, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. सगळ्यांनी हुश्श केलं. करंगळी बधिर होती, पण 'सूज उतरली की येईल' म्हणून तिचं कुणी मनावर घेतलं नाही. महिना गेला. एंटर दाबलं गेलं की नाही, हे दादाला स्क्रीनकडे बघून कळायला लागलं. कुलपात किल्ली फिरेना. मग आमची वरात हाताच्या सर्जनकडे.

"नस कापलीय," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पण रक्त तर तेव्हाच थांबलं होतं ना?" मावशीचा प्रश्न.

आपल्या मराठीची हीच तर गंमत आहे. रक्त वाहतं तीही नस, आणि करंट जातो तीही नस! डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. ही दुसरी नस, म्हणजे चेतातंतूंची जुडी. टेलिफोनच्या जाड केबलसारखी. बाहेर आवरण, आत हजारो बारीक तारा. प्रत्येक तार म्हणजे एका पेशीचा लांबलचक धागा, आणि ती पेशी बसलीय पार मणक्यापाशी. तार कापली की पुढचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८५० मध्येच बेडकाच्या जिभेच्या नसांवर दाखवून दिलं होतं. पण मागची पेशी जिवंत राहिली, तर तिला नवा कोंब फुटतो आणि तो पुढे निघतो.

फक्त त्याला रस्ता सापडला पाहिजे! जखम ताजी असेल, तर दोन्ही टोकं मायक्रोस्कोपखाली शिवता येतात. उशीर झाला की टोकं आखडतात, त्यांच्यावर गाठ धरते. ती कापून टाकली की मध्ये फट उरते. दादाची फट दीड सेंटिमीटरची होती. ओढून शिवावं, तर ताणाखाली नस नीट भरत नाही.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पोटरीतली एक नस काढून इथे जोडायची. मोठ्या फटीसाठी आजही तोच पहिला पर्याय. किंमत एवढीच, की पावलाची बाहेरची कड बधिर होते. मावशी म्हणाली, "म्हणजे एक बरं करायला दुसरं बिघडवायचं?"

दुसरा उपाय म्हणजे नळी. शेवयांहून थोडी जाड, पोकळ, शरीरात विरघळणारी. दोन्ही टोकं तिच्या दोन तोंडांत बसवून शिवायची. मग आत शरीराचा द्रव भरतो, त्याचा बारीक जाळीदार दोर तयार होतो, त्यावर आधारपेशी चढतात आणि त्यांच्या मागोमाग कोंब. महापालिका रस्ता खणून आधी रिकामा पाइप टाकते आणि केबल नंतर जाते ना, तोच फंडा. फरक इतकाच, की ही केबल कुणी ओढत नाही. ती स्वतः चालत जाते.

नळ्या कशाच्या? काही कृत्रिम धाग्याच्या, विरघळणाऱ्या टाक्यांसारख्या. काही कोलॅजनच्या, जे बहुतेक वेळा गुरांच्या शरीरातून काढतात. काही कायटोसानच्या, म्हणजे कोळंबीच्या टरफलापासून बनवलेल्या. घरात सोवळं-ओवळं पाळणारं कुणी असेल, तर आधीच विचारून घ्या! साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या फटीसाठी या नळ्या वापरतात, आणि फट जितकी लहान तितकं बरं. दादाची फट लहान म्हणून डॉक्टरांनी नळीच सुचवली.

'चालत जाते' हे ऐकायला छान वाटतं. पण घाई इथेही आहे. नस पोचेपर्यंत स्नायू वाट बघतो, तीही साधारण वर्ष-दीड वर्षच. नंतर नस आली तरी तो तिला ओळख देत नाही. मनगटाला झालेली जखम म्हणजे जवळचा प्रवास. पण हायवेवर बाइकवरून पडून खांद्याजवळची नस तुटली, तर हात साठ-सत्तर सेंटिमीटर लांब. करा हिशेब. दोन वर्षं! तोवर पंजातल्या स्नायूंचं दुकान बंद झालेलं असतं.

चालायची ही ताकद मुंबईने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलीय. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनवर मोनिका मोरे या कॉलेजकन्येचे दोन्ही हात लोकलखाली गेले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या टीमने तिला चेन्नईच्या एका मेंदूमृत दात्याचे हात बसवले. त्या हातांतल्या मूळ तारा मरतात, पण आवरणांच्या नळ्या राहतात. अशा नळ्यांतूनच घेणाऱ्याच्या तारा पुढे सरकतात. हात दुसऱ्याचे, पण त्यांत पोचणारा करंट आपला! बायोमटेरियलवाले प्रयोगशाळेत जे बनवायला बघतात, ते निसर्गाने आधीच बनवून ठेवलंय.

मग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं काय? तिथे तुटलेल्या तारा आपणहून परत जुळत नाहीत. पण माँट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या मेंदू आणि मज्जारज्जूमध्ये पायाच्या नसेचा पूल बांधला, आणि ज्या तारा हलत नाहीत म्हणत होते, त्या त्यातून काही सेंटिमीटर चालत गेल्या. म्हणजे ताकद होती, रस्ता नव्हता. तेव्हापासून जगभर जेल, जाळ्या, सूक्ष्म धागे यांचे पूल बांधून बघणं चालू आहे. माणसाच्या कण्यासाठी रोजचा इलाज मात्र अजून झालेला नाही. त्यामुळे 'गॅरंटी'वाली जाहिरात दिसली, तर पाकीट खिशातच ठेवा.

आणि एक लक्षात ठेवा, बॉस. काच, पतंगाचा मांजा, मशीनचं पातं, काहीही लागो, जखमेपुढचं बोट बधिर असेल किंवा हलत नसेल, तर टाके घालण्याआधीच डॉक्टरांना सांगा. 'येईल हळूहळू' यावर महिना घालवू नका. दादाचा तोच महिना दीड सेंटिमीटरला पडला.

ऑपरेशनला आता सहा महिने झालेत. नसेच्या वाटेवर बोटाने टिचकी मारली, की कोंब जिथवर पोचलाय तिथे झिणझिण्या येतात. झूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये वर्णन केलेली ही खूण. मावशी दर रविवारी टिचकी मारते आणि बॉलपेनने रेघ काढते. रेघ आंघोळीत पुसते, म्हणून तारीख आणि माप कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. मनगटापासून निघालेली रेघ तळवा ओलांडून करंगळीच्या मधल्या पेरापाशी आलीय. अंगठा आणि तर्जनीत दादा लोकलचा पास धरतो आणि मी ओढते. आधी नुसता निसटायचा, आता जरा झगडावं लागतं.

करंगळीचं टोक अजून बधिर आहे. मावशीच्या हिशेबाने अजून पाच रविवार.