सेलोटेप आणि जांभळी चकती

मटेरियल लॅबमधला मेटॅलर्जिकल मायक्रोस्कोप आपण सबमिशनपुरताच वापरतो. कास्ट आयर्नमधल्या ग्राफाइटच्या काळ्या रेघा बघायच्या, आकृती काढायची, सरांची सही झाली की सुटलो! त्याच ग्राफाइटचा एकच थर, म्हणजे ग्राफीन, असल्याच मायक्रोस्कोपखाली दिसतो हे वाचलं, तर मला पटेचना. जाडी अवघी ०.३४ नॅनोमीटर, एक अणू! प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या हजारपटीहून जास्त. दिसणार कसा?

२००४ साली मँचेस्टरला गाईम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चक्क चिकटपट्टीने ग्राफाइट सोललं आणि सिलिकॉनच्या चकतीवर उतरवलं. २०१० ला नोबेल! खरी खुबी चकतीवरच्या ३०० नॅनोमीटर ऑक्साइडमध्ये आहे. पावसाळ्यात भुसावळ स्टेशनबाहेरच्या डबक्यात रिक्षाचं ऑइल सांडलं की रंग उमटतात ना, तसंच. ऑक्साइडच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, चकती जांभळट दिसते. वर एक अणू चढला की तिथला रंग किंचित गडद होतो. डोळ्याला तेवढं पुरतं. पण ऑक्साइड ३०० ऐवजी ३१५ असलं की ग्राफीन गायब!

म्हणजे मायक्रोस्कोप आपल्याकडे आहे, अडलंय ते चकतीवर. ती मागवण्यासाठी मी अर्ज दिलाय. रूम पार्टनर म्हणतो, "भो, कॅम्पसला हे कोण विचारणार?" नका विचारू. मला तो थर एकदा बघायचाय. तोवर सेलोटेपवर सोलायची प्रॅक्टिस चालू आहे, आणि टेप त्याचीच संपतेय.