डाव्या करंगळीचे दुखणे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ताईला सकाळची भाकरी थापता येईना. परातीवर डावा हात टेकला, की करंगळीपासून मनगटापर्यंत कळ जायची. मराठीत दुखण्यालाही कळ म्हणतात आणि की-बोर्डच्या बटणालाही कळच म्हणतात, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला काहीतरी ठाऊक असावे!

आम्ही दोघी बहिणी नाशिकरोडला राहतो आणि घरी टायपिंगची कामे घेतो. प्रतिज्ञापत्रे, अर्ज, विद्यार्थ्यांचे प्रबंध, कधी एखाद्या कवीची पुस्तिका. पैसे पानावर मिळतात. डॉक्टरांनी ताईला सांगितले, "महिनाभर हाताला विश्रांती द्या." ताई गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आली आणि त्याच संध्याकाळी चाळीस पाने टंकायला बसली. विश्रांती घेतली तर महिन्याचा किराणा कोण भरणार?

आम्ही शिकलो ते गोदरेजच्या मशीनवर. त्या मशीनवर वेलांटीची कळ अक्षराच्या आधी मारायची, काही अक्षरे अर्धी मारून पुढे काना जोडायचा. बोटे दुखत, पण सगळीच दुखत. ओळ संपली की गाडा ढकलायला हात उचलावा लागे, कागद बदलताना पाठ सरळ होई. मिनिटाला ३० शब्दांचे प्रमाणपत्र हातात पडले, तेव्हा बाबांनी ते भिंतीवर फ्रेम करून लावले होते. २०१७ साली आपल्या राज्यात टंकलेखन यंत्रावरची शेवटची परीक्षा झाली आणि आता ती संगणकावरच होते. संगणकावर गाडा नाही आणि कागद नाही, त्यामुळे हात तासन्तास जागचा हलत नाही.

संगणकावर आम्ही इनस्क्रिप्ट शिकलो. ही मांडणी शिकायला सोपी आहे, हे आम्ही छातीठोकपणे सांगू. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'म', 'न', 'व' तेवढे डावीकडे सरकलेले. 'बाबासाहेब' हा शब्द टंकून पाहा. उजवा हात, डावा हात, उजवा, डावा, असा चालत्या माणसाच्या पावलासारखा शब्द उमटतो आणि शिफ्टला एकदाही हात लावावा लागत नाही. 'बुद्ध' टंकताना शिफ्ट फक्त शेवटच्या 'ध'ला लागते.

दुखण्याचे मूळ या शिफ्टपाशीच आहे. ख, घ, थ, ध, भ, श, ळ ही सारी अक्षरे उजव्या हाताच्या कळांवर, आणि ती शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाहीत. क्लासमध्ये सरांनी शिकवलेला नियम असा, की अक्षर एका हाताने मारायचे तर शिफ्ट दुसऱ्या हाताने धरायची. म्हणजे हा सगळा भार डाव्या करंगळीवर. त्याच करंगळीने कोपऱ्यातली कंट्रोल दाबायची: नक्कल करायला, चिकटवायला, जपून ठेवायला, चुकले तर मागे यायला. अर्जाच्या कामात एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवावा लागतो. दिवसाकाठी किती वेळा ते आम्ही मोजले नाही, पण ताईच्या करंगळीने मोजले.

गंमत अशी, की इनस्क्रिप्टमध्ये नक्कल करण्याची 'सी' म्हणजे 'म' आणि चिकटवण्याची 'व्ही' म्हणजे 'न'. दिवसभर आम्ही 'मन' टंकत असतो म्हणा!

भाचा संगणकाचा डिप्लोमा करतो. ताईचा हात पाहून तो म्हणाला, "मावशी, हे तुमच्या बोटाचे काम नाही. ही की चुकीच्या जागी बसलीय." आम्हाला वाटले, कंपनीने जे दिले ते विचार करूनच दिले असेल. मग त्याने एकेक हकीकत सांगितली आणि आमचे डोळे उघडले.

झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळांची सोय ॲपलच्या संगणकांवरून रूढ झाली. मजकूर कापून चिकटवण्याची रीत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात घडवली होती. टेस्लर २०२० साली वारले. पण ॲपलची कमांड कळ स्पेसबारला लागून असते, ती अंगठ्याने दाबता येते. विंडोजवर तेच काम कंट्रोलकडे आले, आणि अंगठ्याचे ओझे करंगळीवर पडले. बरे, आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीवर कंट्रोल 'ए'च्या डाव्या बाजूला, करंगळीच्या अगदी बगलेत होती. पुढे १०१ कळांचा कळफलक आला आणि ती खाली कोपऱ्यात गेली. तिच्या जागेवर कॅप्सलॉक येऊन बसली.

भाचा प्रोग्राम लिहायला 'व्हीआय'च्या घराण्यातला संपादक वापरतो. त्यात वरखाली जायला एच, जे, के, एल ही अक्षरे दाबतात. का, तर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास तो लिहिला, तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर बाणांची चित्रे याच चार कळांवर काढलेली होती. ते टर्मिनल कधीच भंगारात गेले, सवय उरली. मराठी कळफलक चालू ठेवून याच कळा दाबल्या, तर 'प र क त' असे उमटते आणि भाचा वैतागतो.

आता कॅप्सलॉकचा आपल्याला उपयोग काय? मराठीत मोठी लिपी आणि छोटी लिपी असा भेदच नाही. भाच्याने मायक्रोसॉफ्टचे 'पॉवरटॉईज' नावाचे फुकटचे साधन घालून कॅप्सलॉकची कंट्रोल करून दिली. दुसरे, त्याने उजव्या बाजूची कंट्रोल दाखवली. ती इतकी वर्षे तिथेच होती, आम्ही तिच्यावर धूळ बसू दिली. सरांचा शिफ्टचा नियम कंट्रोललाही लागू होतो, हे सुचले नाही. तिसरे, शिफ्ट पाच वेळा दाबली की जी खिडकी उघडते, तिला आम्ही नेहमी घाबरून 'नाही' म्हणायचो. तिला 'हो' म्हटले तर शिफ्ट किंवा कंट्रोल धरून ठेवावी लागत नाही. आधी ती दाबा, सोडा, मग अक्षर दाबा. ताईला पहिला आठवडा हे जमेना. नक्कल करायला गेली की भलतेच काही व्हायचे, आणि "जुनेच बरे होते" म्हणत ती पुन्हा कोपऱ्यात बोट घालायची. खुर्चीवर गोधडीची घडी टाकून कोपर टेबलाच्या उंचीला आणले, तेव्हा मनगटाचा बाक गेला.

याच काळात ताई एका दुकानात दुपारचे चार तास बसायची. तिथे तिने कॅप्सलॉक बदलायची परवानगी मागितली. मालक म्हणाला, "मशीनला हात लावायचा नाही, दुसऱ्याला त्रास होतो." तो त्रास कोणाचा, हे ताईने विचारले नाही. तिने दिवाळीआधी ते काम सोडले आणि तेवढे पैसे कमी झाले. ते अजून भरून निघालेले नाहीत.

कळ पूर्ण गेली असे म्हणता येणार नाही. थंडीत करंगळी अजून आखडते, पण भाकरी थापता येते. परवा शेजारच्या मुलीचा अर्ज तिच्याच लॅपटॉपवर टंकून द्यायला ताई बसली. सवयीने कॅप्सलॉक धरून 'व्ही' दाबत राहिली, आणि पडद्यावर न, न, न एवढेच येत राहिले. मुलगी म्हणाली, "मावशी, नको म्हणताय का?"