काळी शाई, साधी पेन्सिल

आज एका टी. रेक्सची दोन्ही मनगटं कापली. मनगट म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढी जाडी. कटरला नवं पातं लावलं, एकेक काप दिला, पंजे पाव फेरा आत वळवले आणि फेविक्विकने परत चिकटवले. खेळण्यात तळवे जमिनीकडे होते. आता ते समोरासमोर आहेत.

दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांना, म्हणजे थेरोपॉडांना, हात असा पालथा करता येत नव्हता. भाकरी थापायला आपण तळवा पालथा करतो तेव्हा कोपरापुढचं एक हाड दुसऱ्यावर वळतं. त्यांची ती हाडं तशी वळत नसत. नमस्काराला हात जोडण्याच्या क्षणभर आधी असतात तसे त्यांचे तळवे एकमेकांकडे तोंड करून असायचे. सिनेमात, दप्तरांवर, दुकानांत मात्र हा प्राणी सशासारखे पंजे लोंबवून उभा असतो. दहा मिनिटांच्या कामाने त्याचे हात त्याला परत मिळाले, की मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

*

नवं खेळणं हातात आलं की बघायच्या जागा, याच क्रमाने: मनगट, शेपूट, पुढच्या पायांची नखं, ओठ, डोळा. रंग सगळ्यात शेवटी. डोळ्यांत आधी रंगच भरतो, म्हणून त्याला मुद्दाम थांबवून ठेवायचं. सांगाडा चुकला असेल तर सुंदर रंगाने काहीच दुरुस्त होत नाही.

*

शेपूट. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९१५ साली टी. रेक्सचा सांगाडा मांडला तो माणसासारखा ताठ, शेपूट जमिनीला टेकवून. पुढच्या कित्येक चित्रांनी आणि खेळण्यांनी तीच ठेवण उचलली. डायनासोरांच्या पाऊलखुणा जगभर मिळाल्या आहेत, पण त्यांच्यामागे शेपूट फरफटल्याची रेघ क्वचितच दिसते. १९९०च्या दशकात संग्रहालयाने तो सांगाडा सोडवला आणि पाठ आडवी, शेपूट अधांतरी अशी नवी मांडणी केली.

घरी हेच काम एका पातेल्यात होतं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, शेपूट मिनिटभर बुडवायची, मऊ झाली की हवी तशी वाकवून लगेच बर्फाच्या पाण्यात धरायची. पण पीव्हीसी जुना आकार विसरत नाही. मे महिन्यात शेपूट हळूहळू पुन्हा खाली येते. म्हणून बुडाशी कापून, हातड्रिलने भोक पाडून आत तार घालायची आणि सांधा एम-सीलने भरायचा. नुसती शेपूट उचलूनही भागत नाही. मांड्यांपाशी काप देऊन सगळं धड पुढे झुकवलं, तरच वजन पावलांवर येतं आणि प्राणी आधाराशिवाय उभा राहतो. जिवंतपणीही शेपटीचं हेच काम होतं: पुढच्या जड डोक्याला मागून तोलायचं.

*

इग्वानोडॉनचा अंगठा. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेसाठी बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने पूर्णाकृती इग्वानोडॉन घडवले. एक टोकदार हाड मिळालेलं होतं. ते गेंड्याच्या शिंगासारखं नाकावर बसवलं गेलं. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसारच्या कोळशाच्या खाणीत तिसांहून जास्त इग्वानोडॉन सापडले, त्यांतले बरेच सांगाडे जवळजवळ पूर्ण, आणि ते हाड अंगठ्याचं निघालं. हॉकिन्सचे पुतळे आजही त्या बागेत आहेत, नाकावरच्या शिंगासकट. मला ते फार आवडतात. तेव्हा हाताशी होती तेवढ्या हाडांतून त्याने जमेल तितका खरा प्राणी उभा केला. माझ्या टेबलावरचाही एखादा अंगठा आज नाकावर बसलेला असणार.

*

मऊ पीव्हीसीवर स्प्रे प्रायमर मारू नये. माझा एक स्टेगोसॉरस सहा महिन्यांनीही हाताला चिकटत होता. पाठीच्या पाट्यांवर धूळ बसली, पोटावर बोटांचे ठसे उमटले, शेवटी सगळा रंग खरवडावा लागला. प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते स्प्रेमधल्या द्रावकात मिसळतं आणि रंगाचा थर वाळतच नाही. ऑइल पेंटचंही तेच होतं. आता माझी रीत ठरलेली आहे. साच्याचा तेलकटपणा जायला भांड्यांच्या साबणाने धुणं, रात्रभर वाळवणं, मग ब्रशने अॅक्रिलिक जेसोचे दोन पातळ हात, आणि त्यावर अॅक्रिलिक रंग. अॅसिटोन जवळही आणायचं नाही, त्याने अंगच विरघळायला लागतं.

*

एम-सील एका वेळी सुपारीएवढंच मळायचं. दोन्ही भाग सारखे, रंगाचा एकही पट्टा वेगळा दिसता कामा नये. बोटाला पाणी लावलं की कड मिटते. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक हलकेच टेकवत गेलं की खवले उठतात. हातमोजे घालायचेच. घासायचं तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून, म्हणजे भुकटी श्वासात जात नाही. आणि असं रंगवलेलं खेळणं लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही. ते आता कपाटातलं.

*

चार पायांच्या डायनासोरांची नखं सगळ्यात जास्त चुकलेली असतात. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक सॉरोपॉडला, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराला, हत्तीचे पाय असतात, गोल, पुढे पाच नखं. डिप्लोडोकससारख्यांच्या पुढच्या पायाला एकच मोठं नख होतं, आतल्या बाजूला, अंगठ्याचं. तळव्याची हाडं खांबांसारखी उभी, अर्धवर्तुळात रचलेली, आणि मागची बाजू पोकळ. त्यामुळे पावलाचा ठसा गोल उठत नाही, घोड्याच्या नालेसारखा उठतो. टायटॅनोसॉर गटात तर पुढच्या पायाच्या बोटांची हाडं जवळजवळ नाहीशीच झाली होती. ट्रायसेराटॉप्सच्या पुढच्या पायाला पाच बोटं, पण खूर पहिल्या तीन बोटांनाच.

म्हणजे इथे काही जोडायचं नसतं, उतरवायचं असतं. एका सॉरोपॉडची आठ नखं तासून काढली. एका टायटॅनोसॉरची दहाच्या दहा.

*

ओठ. थेरोपॉडांचे दात बंद तोंडातून मगरीसारखे बाहेर दिसत नसावेत, घोरपडीसारखे ओठांआड झाकलेले असावेत, असं २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. त्यात दातांवरच्या एनॅमलची झीज तपासली होती. मगरीच्या उघड्या दातांची बाहेरची बाजू खूप झिजते, टी. रेक्सच्या कुळातल्या डायनासोराच्या दाताची तशी झिजलेली नव्हती. वरच्या जबड्याच्या कडेला एम-सीलची शेवयीएवढी वळी लावली की काम होतं. चेहरा एकदम शांत दिसू लागतो. खेळण्यांतला डायनासोर चोवीस तास डरकाळी फोडत असतो. खरं जनावर दिवसातला बराच वेळ तोंड मिटून बसलेलं असणार.

*

रंग ठाऊकच नाही, असं आता सरसकट म्हणता येत नाही. सायनोसॉरोप्टेरिक्सच्या जीवाश्मात पिसांसारखे तंतू आहेत हे १९९६ मध्ये कळलं. २०१० मध्ये त्या तंतूंत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण ओळखू आले: शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे. मायक्रोरॅप्टर काळा, कावळ्याच्या पंखासारखी झाक मारणारा (२०१२). सिटॅकोसॉरसची पाठ गडद, पोट फिकं (२०१६). हे रंगवताना मी मनाचं काही घालत नाही. तांबूस म्हणजे तांबूसच.

मायक्रोरॅप्टरसाठी: पूर्ण काळा हात, वाळल्यावर निळ्या-जांभळ्या मोतिया रंगाचा अगदी पाणीदार थर, फक्त पिसांच्या उंचवट्यांवर. मग खिडकीत नेऊन बघायचं. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर कावळा येतोच, तुलनेला लांब जावं लागत नाही.

*

कार्नोटॉरसचा राजासॉरस. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीत सापडलेला राजासॉरस नर्मदेन्सिस, नामकरण २००३. बाजारातला कार्नोटॉरस अर्जेंटिनाचा, पण दोघं एकाच अॅबेलिसॉरिड घराण्यातले. कार्नोटॉरसची डोळ्यांवरची दोन शिंगं कापली, कपाळावर एकच बुटका, गोलसर उंचवटा बसवला. शेपटी आखूड केली, पाय जाड केले.

कातडी मात्र कार्नोटॉरसकडूनच उसनी घ्यावी लागते, कारण तिचे ठसे त्याच्याच सांगाड्याबरोबर मिळाले आहेत. खेळण्यांत मोठ्या खवल्यांच्या सरळ रांगा असतात. २०२१ मध्ये ते ठसे पुन्हा तपासले तेव्हा मोठे खवले बारीक खवल्यांत कसेही विखुरलेले दिसले. मी रांगा घासून सपाट केल्या आणि ठिपके नव्याने दिले. नियम नसलेलं काही हाताने करणं फार कठीण. बोट आपोआप ओळ धरतं.

*

गेले दोन महिने आयसिसॉरस चालू आहे. हा आपला, चंद्रपूर जिल्ह्यातला, डोंगरगावच्या टेकडीचा. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा नाव टायटॅनोसॉरस कोल्बर्टी. २००३ मध्ये आयसिसॉरस झालं, ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून.

दंडाचं हाड १४८ सेंटिमीटर. मी १:४० या प्रमाणात काम करतो, म्हणजे माझ्याकडे ते ३.७ सेंटिमीटर हवं. घेतलेल्या सॉरोपॉडचा दंड २.६ भरला. पुढचे दोन्ही पाय कापून ११ मिलिमीटर वाढवले. खांदा वर गेला, पाठ मागे उतरती झाली. एका हाडाच्या लांबीने सगळ्या जनावराची उभं राहण्याची ढब बदलली. त्या रात्री उशिरापर्यंत दिवा बंद करावासा वाटला नाही.

रंगासाठी पुरावा नाही. ताडोबातला गवा डोळ्यांसमोर ठेवला: अंग गडद तपकिरी, गुडघ्यांखाली फिकं.

*

डायनासोरच्या पायाखाली हिरवळ लावायची नाही, हा मी वर्षानुवर्षं पाळलेला नियम. गवत पुढच्या काळातलं, असंच शिकलो होतो. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्याच, वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सिलिकाकण दाखवले. दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचण्याच्या सुमारास या मातीत गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं.

बैठकीवर काळी-करडी माती केली आणि चिमट्याने चार ठिकाणी गवताचे झुबके लावले. दाट नाही. चारच.

*

भाची वरोऱ्याहून आली होती. आयसिसॉरस हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. तिला कवटीची गोष्ट सांगितली, की या सांगाड्याबरोबर ती मिळाली नाही, मागचे पायही नाहीत. ती म्हणाली, “मग मामा, हे डोकं तू कुठून आणलंस?”

नात्यातल्या दुसऱ्या टायटॅनोसॉरांवरून, म्हटलं. ते खरंच होतं. पण बाहेरून बघणाऱ्याला दंड आणि डोकं सारखेच पक्के दिसतात, कारण दोन्हींवर माझाच ब्रश फिरला आहे.

म्हणून रात्री त्याला उलटा केला. पोटाखाली शून्य नंबरच्या पेनाने, काळ्या शाईत, जे मिळालं ते लिहिलं: मानेपासून शेपटीपर्यंतचे मणके, बरगड्या, खांदा, कंबर, डावा पुढचा पाय. त्याखाली पेन्सिलीने: डोकं, मागचे पाय, कातडी, रंग. राजासॉरसलाही तसंच केलं. त्याचे हात पेन्सिलीत गेले.

सकाळी मॅट वार्निशचा शेवटचा हात दिला, डोळ्यांवर तेवढा चमकदार थेंब. पोटाखाली वार्निश लावलं नाही. तिथली पेन्सिल खोडता आली पाहिजे.